कोसंबींच्या निबंधामागची चार पाने

दामोदर धर्मानंद कोसंबींवर मराठीत जे लिहिले गेले, त्यात इतिहासकार कोसंबी भरभरून भेटतात. गणिती कोसंबी मात्र बहुधा एका वाक्यात उरकले जातात : मोठे गणितज्ञ होते, पुढे इतिहासाकडे वळले. शिरवण्याच्या घरी या दिवाळीसाठी त्यांचे लेखन पुन्हा काढून बसलो आणि हे वाक्य खटकू लागले.

1933 साली ‘माथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’ या जर्मन नियतकालिकाच्या 37व्या खंडात समांतरता आणि पथ-अवकाश या विषयावर कोसंबींचा अकरा पानी निबंध आला. गोव्यात जन्मलेला, हार्वर्डहून परतलेला हा लेखक तेव्हा पंचविशीच्या आसपास होता. त्याच्या लगेच मागे चार पाने आहेत ती एली कार्तां यांची. शीर्षक सरळ, ‘आधीच्या निबंधावरील निरीक्षणे’. कार्तां तेव्हा साठी ओलांडलेले, भूमितीतले मोठे नाव. त्यांच्याकडे पॅरिसला शिकलेल्या शिंग-शेन चर्न या चिनी गणितज्ञाने 1939 साली तोच धागा पुढे नेला. आज हा सिद्धान्त कोसंबी-कार्तां-चर्न या तिघांच्या नावाने ओळखला जातो.

प्रश्न होता तरी काय? झोपाळा घ्या. झोका लहान असतो तोवर प्रत्येक झोक्याला जवळजवळ सारखाच वेळ लागतो. झोका उंच गेला की वेळ वाढतो, साधे समीकरण पुरत नाही. अरेषीय यामिकी सुरू होते ती इथे. तिची समीकरणे बहुतेकदा सुटतच नाहीत. कोसंबींनी त्यांच्या उकलींकडे वाटा म्हणून पाहिले. शेजारच्या दोन वाटा एकमेकींना धरून राहतात की फाकत जातात, हे भूमितीच्या, वक्रतेच्या भाषेत विचारता येते. एडवर्ड लॉरेन्झ यांची 1963ची हवामानावरची समीकरणे अलीकडे याच पद्धतीने तपासली गेली आहेत.

आपल्या चरित्रलेखनाला एकाकी प्रतिभावंत फार आवडतो. कोसंबींचा स्वभावही त्याला साजेसा, तिखट. पण त्यांचे गणितातले जे टिकले, त्याच्या पाठीला परक्या भाषेतली ही चार पाने लागलेली आहेत, हे आपण सांगत नाही. (आंद्रे वेय यांच्या सांगण्यावरून बूर्बाकी या काल्पनिक गणितज्ञाचा हवाला देऊन एक निबंध लिहिण्याचा खोडकरपणाही त्यांनी 1931 साली केला होता. तीही देवाणघेवाणच!)

उलट उदाहरण 1959चे. रीमानच्या गृहीतकाविषयीचा त्यांचा निबंध कृषी-सांख्यिकीच्या भारतीय नियतकालिकात आला. अंकसिद्धान्ताचे जाणकार ते नियतकालिक कशाला चाळतील? सिद्धतेचा तो दावा टिकला नाही. 1962 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले त्यांचे दिवसही संपले. चूक त्यांचीच, हे मान्य. पण तिथे ‘आधीच्या निबंधावरील निरीक्षणे’ लिहायला कोणी नव्हते.