राणी म्हातारी का होत नाही?

समजा, तुमच्यासमोर ब्रिटनच्या तिकिटांचा अल्बम आहे. १८४० च्या ‘पेनी ब्लॅक’पासून १९०१ पर्यंत पानं उलटत जा. रंग बदलतात, किंमत बदलते, चौकट बदलते. राणी व्हिक्टोरिया मात्र तरुणच. प्रत्यक्षात ती वारली ८१ व्या वर्षी!

मग हे चित्र खोटं? घाई नको. ‘पेनी ब्लॅक’वरचा चेहरा विल्यम वायनने घडवलेल्या पदकावरून घेतलाय आणि त्याचं मूळ रेखाटन ती १५ वर्षांची राजकन्या असतानाचं. चेहराच का? ओळखीच्या चेहऱ्यात किंचित फरक पडला तरी डोळ्याला खटकतो, नक्कल पकडली जाते. म्हणजे राणीचं वय दाखवणं हे या चित्राचं कामच नव्हतं. स्वतःच्या कामात ते अव्वल आहे: देशाचं नावही नाही, तरी अडत नाही.

आता कॅनडाचं १८९७ चं हीरकमहोत्सवी तिकीट बघा. तरुण आणि वृद्ध, दोन्ही व्हिक्टोरिया शेजारीशेजारी. तिकीट म्हणून मला ते गर्दीचं वाटतं; पुरावा म्हणून जास्त बोलकं. अर्थात तेही समारंभासाठीच काढलेलं, हे विसरू नका.

आपल्या डेटाचंही असंच. मालिका सलग, नीटनेटकी दिसली की आपण खूश होतो. आलेखावरच्या सपाट रेषेखाली ‘बदल नाही’ असं लिहिण्याआधी एवढंच विचारा: दरवेळी नव्याने मोजलं होतं, की जुनाच साचा पुन्हा छापला होता?