ज्वालामुखीचे आकर्षण आणि भय : क्राफ्ट दांपत्यावरील दोन माहितीपटांच्या निमित्ताने

प्रास्ताविक

‘ज्वालामुखी’ हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर ज्वाला उभी राहते. शब्दाची घडणच तशी आहे. त्यात राख नाही, वायू नाही, चिखल तर नाहीच. ‘असंतोषाचा ज्वालामुखी’ हा भाषणांतून आणि अग्रलेखांतून रुळलेला प्रयोगही लालभडक उद्रेकच सुचवितो. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर होत. अजिंठा-वेरूळची लेणी याच खडकात कोरलेली आहेत. तथापि जिवंत ज्वालामुखी महाराष्ट्रातील वाचकाच्या अनुभवात नाही. तो त्याला भेटतो तो केवळ प्रतिमेतून. म्हणूनच ही प्रतिमा काय दाखविते आणि काय झाकते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. २०२२ साली आलेले दोन माहितीपट, सारा डोसा यांचा ‘फायर ऑफ लव्ह’ व वेर्नर हेर्झोग यांचा ‘द फायर विदिन’, यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कुतूहल आणि बचाव

या विषयाचे मूळ इ. स. ७९ मधील व्हेसुव्हियसच्या उद्रेकापर्यंत जाते. धाकट्या प्लिनीने इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्रांत आपल्या मामाच्या, म्हणजे थोरल्या प्लिनीच्या, मृत्यूची हकिगत आहे. डोंगरावरचा विचित्र ढग जवळून पाहावा या जिज्ञासेने थोरल्या प्लिनीने नौका सज्ज करविली. तेवढ्यात संकटात सापडलेल्या एका स्त्रीचा निरोप आला आणि पाहण्यासाठी निघालेला माणूस वाचविण्यासाठी निघाला. आकर्षण आणि भय यांना आपण परस्परविरोधी मानतो. येथे मात्र एकाच प्रवासात एकाचे रूपांतर दुसऱ्याच्या जबाबदारीत झालेले दिसते.

कात्या व मॉरिस क्राफ्ट या फ्रेंच ज्वालामुखीतज्ज्ञ दांपत्याचा जीवनक्रमही याच वळणाने गेला. आल्सास प्रांतातील या दोघांनी दोन दशके उद्रेकांचे अत्यंत जवळून चित्रीकरण केले. ज्वालामुखींची विभागणी ते ढोबळमानाने ‘लाल’ आणि ‘करडे’ अशी करीत. लाल ज्वालामुखीचा लाव्हा वाहतो. तो घरे-शेते गिळतो, पण बहुधा माणसाला पळायला अवधी देतो. करड्या ज्वालामुखीचा स्फोट होतो. तप्त वायू, राख आणि खडकांचे तुकडे यांचा लोट उतारावरून प्रचंड वेगाने धावतो. १९०२ साली मार्तिनिक बेटावरील माँ पेलेच्या अशाच लोटाने सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत नष्ट केले आणि सुमारे २८,००० माणसे मेली. डोळ्यांना मोहविणारा रंग आणि जीव घेणारा रंग हे निरनिराळे आहेत, ही या विभागणीतील खरी शिकवण होय.

दोन माहितीपट, एक संग्रह

दोन्ही माहितीपट क्राफ्ट दांपत्याने मागे ठेवलेल्या चित्रणातूनच घडले आहेत. डोसा यांची मांडणी प्रेमकथेची आहे. लाव्हाच्या कारंज्यासमोर उभी असलेली चंदेरी पोशाखातील इवलीशी मानवाकृती हे त्यातील अविस्मरणीय दृश्य. माहितीपट लाल-करडा हा भेद सांगतो, पण त्याची दृष्टी लालावर लुब्ध आहे. हेर्झोग तर आपल्याला चरित्र सांगायचे नसून या प्रतिमांचा गौरव करायचा आहे, असे प्रारंभीच स्पष्ट करतात. त्यांचा प्रामाणिकपणा मान्य करूनही एक प्रश्न उरतो : ज्या प्रतिमेचा गौरव होतो, तिने कोणाचे भले केले?

या संदर्भात हेर्झोग यांचाच १९७७ सालचा ‘ला सुफ्रिएर’ हा लघुपट अधिक मोलाचा वाटतो. १९७६ साली ग्वादेलूप बेटावर मोठ्या उद्रेकाच्या भीतीने हजारो लोकांना हलविण्यात आले आणि हेर्झोग त्या ओस पडलेल्या शहरात कॅमेरा घेऊन गेले. अपेक्षित महास्फोट झालाच नाही. आपत्तीची वाट पाहणाऱ्या कॅमेऱ्याची ही फजिती लघुपटाने लपविलेली नाही. डोंगरापेक्षा तेथे मागे राहिलेल्या गरिबांची उपेक्षाच शेवटी मनात रेंगाळते.

न गौरविलेले चित्रण

१३ नोव्हेंबर १९८५ रोजी कोलंबियातील नेवाडो देल रुईझचा उद्रेक झाला. शिखरावरील बर्फ वितळून निघालेला चिखलाचा लोट आर्मेरो शहरापर्यंत पोहोचायला सुमारे अडीच तास लागले. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता. तरीही शहर रिकामे झाले नाही आणि सुमारे २३,००० लोक मृत्युमुखी पडले. नकाशा होता, पण लोकांच्या मनात त्या चिखलाचे चित्र नव्हते. या घटनेने हादरलेल्या क्राफ्ट दांपत्याने ज्वालामुखीचे धोके समजावून देणारी एक चित्रफीत तयार केली. १९९१ साली फिलिपिन्समधील पिनातुबो जागा झाला, तेव्हा तिची प्राथमिक प्रत तेथील अधिकाऱ्यांना व रहिवाशांना दाखविण्यात आली. सुमारे पाचशे वर्षे निद्रिस्त असलेल्या डोंगराचे भय केवळ शब्दांनी पटणे कठीण होते. १५ जूनच्या महाउद्रेकापूर्वी हजारो लोक हलविले गेले. याचे श्रेय अर्थातच मुख्यतः डोंगरावर लक्ष ठेवून वेळीच इशारा देणाऱ्या शास्त्रज्ञांचे. पण त्यांच्या इशाऱ्याला दृश्य अर्थ मिळाला तो या चित्रफितीमुळे.

क्राफ्ट दांपत्य मात्र हे पाहू शकले नाही. ३ जून १९९१ रोजी जपानमधील उनझेन येथे करड्या लोटानेच त्यांचा बळी घेतला. तेथे एकूण ४३ जण दगावले. त्यांत वार्ताहर व छायाचित्रकार होते, तसेच स्वयंसेवी अग्निशामक जवान आणि वार्ताहरांना घेऊन आलेले टॅक्सीचालकही होते. शेवटच्या दोन गटांतील माणसे डोंगराचे सौंदर्य पाहायला आलेली नव्हती. दुसऱ्यांच्या आकर्षणाची किंमत तेथे नसलेल्या हौशीच्या माणसांनीही मोजली, हे क्राफ्ट यांच्या धाडसाचे कौतुक करताना विसरता येत नाही.

समारोप

आकर्षण निंद्य नाही. त्याच्याशिवाय क्राफ्ट यांनी एकही उद्रेक चित्रित केला नसता आणि पिनातुबोला दाखवायला काहीच उरले नसते. दोष आहे तो आकर्षणाने भयाला चुकीचा रंग देण्यात. ज्वालामुखीच्या चित्रणाचे मूल्यमापन करताना ते किती नेत्रदीपक आहे याबरोबरच ते कशाला भ्यावे हे शिकविते काय, ही कसोटी लावली पाहिजे. या कसोटीवर क्राफ्ट यांची सर्वांत कमी कलात्मक चित्रफीत त्यांची सर्वश्रेष्ठ कृती ठरते. गौरवपर माहितीपट पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात ज्वाला उरते. पिनातुबोच्या पायथ्याशी ती चित्रफीत पाहणाऱ्यांच्या मनात राख आणि चिखल उरला, आणि त्यातील अनेक जण त्यामुळे जगले.