स्त्रियांचा अधिकार आणि नफ्याचा तराजू

कंपनीच्या संचालक मंडळावर स्त्रिया घेतल्या कीं नफा वाढतो, असें प्रतिपादन करणारे अहवाल गेल्या दहा-बारा वर्षांत वरचेवर प्रसिद्ध होत आहेत. त्यांत सर्वांत गाजला तो मॅकिन्सी या सल्लागार संस्थेचा २०१५ सालचा अहवाल. वरिष्ठ जागांवर स्त्रियांचें प्रमाण ज्यांत सर्वाधिक, त्या चतुर्थांशांतील कंपन्यांना आपल्या धंद्याच्या मध्यम पातळीहून अधिक उत्पन्न होण्याचा संभव शेंकडा १५ नीं जास्त, असें त्यांत म्हटलें होतें. पुढील अहवालांत, २०१८ मध्यें, हा आंकडा २१ झाला आणि २०२० मध्यें २५. हे आंकडे आतां व्याख्यानांतून सुभाषितांप्रमाणें फिरूं लागले आहेत. हेतु चांगला आहे यांत शंका नाहीं; परंतु चांगल्या पक्षास लंगडा साक्षीदार मिळाला म्हणजे खटला बुडतो, म्हणून त्याची उलटतपासणी करणें आम्हांस अवश्य वाटतें.

मूळ अहवालांतील सालें वाचकांनीं नीट पाहावीं. नफ्याचे आंकडे २०१० ते २०१३ चे आणि अधिकाऱ्यांची मोजदाद २०१४ ची. म्हणजे पीक आधीं कापलें आणि बी मागाहून पेरलें! भरभराटलेली कंपनी स्त्रियांना जागा देण्याइतकी उदार होते, असा अर्थही यांतून तितक्याच सहजतेनें निघतो. नॉर्वेनें २००३ सालीं कायदा करून मोठ्या कंपन्यांच्या मंडळांत शेंकडा ४० जागा स्त्रियांना देवविल्या. त्यामुळें कंपन्यांचें मोल घसरलें, असें अहर्न व डिटमार यांनीं २०१२ सालीं लिहिलें. एकबो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२२ सालीं तें पुन्हां तपासून तसें सिद्ध होत नाहीं असें दाखविलें. पंडितांचें हें असें आहे.

सावकारीच्या धंद्यांत तर हें माप विशेषच फसवें. कर्ज दिलें त्या वर्षीं व्याज दिसतें, खोट उघडी पडते ती पांच-सात वर्षांनीं. अरुंधती भट्टाचार्य १९७७ सालीं स्टेट बँकेंत उमेदवार अधिकारी म्हणून शिरल्या आणि २०१३ सालीं तिच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या. २०१४-१५ सालीं बँकेचा नफा १३,१०२ कोटी रुपये होता, पुढच्याच वर्षीं तो ९,९५१ कोटींवर आला. दोष बाईंच्या माथीं मारावा काय? रिझर्व्ह बँकेनें २०१५ सालीं सर्वच बँकांच्या वह्या कसून तपासल्या आणि मागील वर्षांचीं झांकलेलीं बुडीत कर्जें बाहेर काढावयास लावलीं. नफ्याच्या तराजूनें तोलणारास मात्र हें दिसावयाचें नाहीं. तो म्हणेल, बाई आली आणि नफा गेला. पुरुष अध्यक्ष असतां बँक बुडाली तर पुरुषजातीस कोणी नांव ठेवीत नाहीं.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यानें बाजारांत नोंदलेल्या प्रत्येक कंपनीस निदान एक स्त्री-संचालक ठेवणें भाग पाडलें. तेव्हां कित्येक घराण्यांनीं घरचीच पत्नी वा सून मंडळावर बसवून कायद्याची बोळवण केली. त्यावर सेबीनें १ एप्रिल २०१९ पासून पहिल्या ५०० कंपन्यांस स्वतंत्र स्त्री-संचालक नेमण्याचें बंधन घातलें, वर्षभरानें तें पहिल्या हजारांस लागू केलें. आमच्या मतें येथें विचारण्याजोगा प्रश्न, त्या बाईंना हिशेबाच्या वह्या दाखवितात कीं नुसता चहा पाजतात, हा आहे.

आम्हां अंबडकरांना अशा वादांत अहिल्याबाईंचें नांव घेतल्यावांचून राहवत नाहीं. मत्स्योदरीच्या देवळाचा जीर्णोद्धार त्यांचाच. पण त्यांचें उदाहरण देणारे एक विसरतात. १७६७ सालीं कारभार हातीं येण्यापूर्वीं मल्हाररावांनीं सुनेकडून वर्षानुवर्षें वसुलाचीं व तोफखान्याचींही कामें करून घेतलीं होतीं. गादीवर आल्यावर त्यांनीं खासगी आणि दौलत हे दोन हिशेब वेगळे राखले. दानधर्म केला तो खासगींतून. त्यांची योग्यता पाहावयाची ती येथें. खजिना किती वाढला, हा त्यानंतरचा विषय.

सातारा जिल्ह्यांतील म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ सालीं निघाली. चेतना सिन्हा यांनीं नेलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनें परत केला, कारण सभासद बायकांचे अंगठे होते. बायका अक्षरें शिकल्या आणि पुन्हां मुंबईस गेल्या. वाचावयास येत नसलें तरी व्याज तोंडीं मोजतां येतें, तुमच्या अधिकाऱ्यांनीं यंत्र घेऊन आमच्याशीं शर्यत लावावी, असें त्यांनीं म्हटल्याची हकीकत चेतनाताई सांगतात. परवाना मिळाला. पुढें असें दिसून आलें कीं रोजची मजुरी वा बाजार सोडून बँकेंत येणें बायकांना परवडत नाहीं, तेव्हां बँकेनें आपलीं माणसें त्यांच्या दाराशीं पाठविलीं. ही अडचण अंगठा उठविणाऱ्या संचालिकांना आधीं कळावी आणि पदवीधरांना मागाहून, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.