हिच्या लक्षात राहील

संगणकावरचे खेळ ही आपली वाट नव्हे, हे मी फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. पण भाचा इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडे राहायला आला आणि दिवाळीच्या सुट्टीत त्यानं माझ्या हातात तो कंट्रोलर दिला. म्हणाला, "मामा, यात मारामारी कमी आहे. यात फक्त ठरवायचं असतं." चौतीस वर्षं कचेरीत काहीही न ठरवण्याचा पगार घेतलेल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे कमालच झाली.

खेळाचं नाव 'द वॉकिंग डेड'. रॉबर्ट कर्कमन यांची याच नावाची चित्रकथा २००३ पासून अमेरिकेत निघू लागली. तिच्या जगावर कॅलिफोर्नियातल्या टेलटेल कंपनीनं २०१२ साली पाच भागांचा हा खेळ काढला. मेलेली माणसं उठून जिवंतांना खात सुटली आहेत, एवढंच पूर्वसूत्र. आपल्याकडची भुतं निदान मागण्या तरी करतात. मुंजाचं लग्न राहिलेलं असतं, कुणाला नारळ हवा असतो, कुणाला कोंबडं. या अमेरिकन मढ्यांशी बोलणीच करता येत नाहीत. त्यामुळे बोलायचं ते जिवंतांशी, आणि खरी भीती तिथंच आहे.

आपण असतो ली एव्हरेट. हा इतिहासाचा प्राध्यापक, बायकोच्या प्रियकराच्या खुनाबद्दल शिक्षा झालेला. पोलिसांच्या गाडीतून तुरुंगाकडे जाताना अपघात होतो आणि त्याला झाडावरच्या घरकुलात लपलेली आठ वर्षांची क्लेमेंटाइन भेटते. तिचे आईबाप सव्हाना गावाला गेलेत ते गेलेच. आता तिला सांभाळायचं.

कुणी काही विचारलं की पडद्यावर उत्तरं उमटतात आणि वेळ दाखवणारी पट्टी आखडू लागते. मी चष्मा पुसून उत्तरं वाचेपर्यंत पट्टी संपलेली असे आणि ली गप्प राही. गप्प राहणं हेही इथं उत्तरच धरतात. लोक त्यावर चिडतातसुद्धा. मग कोपऱ्यात एक पाटी झळकते: क्लेमेंटाइनच्या हे लक्षात राहील. मी दचकलोच. आमच्या घरात १९८४ साली मी मेहुण्याच्या लग्नात काय बोललो होतो ते आजतागायत लक्षात ठेवलं गेलंय, पण त्या वेळी कोपऱ्यात पाटी कुठली लागायला!

भाच्याची तक्रार वेगळीच. त्यानं हा खेळ दोनदा खेळलाय. "मामा, सगळं फिक्स आहे हो. काही निवडा, होतं तेच."

आणि त्याचं खोटं नाही. सुरुवातीलाच एका शेतावर ट्रॅक्टरखाली शॉन हा तरुण अडकतो आणि त्याच क्षणी केनीच्या पोरावर, डकवर, मढी चालून येतात. कुणाला वाचवायचं? शॉनकडे धावलात तरी शॉन मरतोच. पोराला त्याचा बाप ओढून काढतो. पुढे मेकनमधल्या औषधाच्या दुकानात कार्ली किंवा डग यांतलं एकच माणूस वाचवता येतं. ज्याला आपण जीव तोडून वाचवलं त्याला तिसऱ्या भागात लिली रस्त्याच्या कडेला गोळी घालते. म्हणजे दोघांचाही हिशेब साफ.

प्रत्येक भागाच्या आरंभी पाटी असते, की ही कथा तुमच्या खेळण्याच्या मापानं बेतली जाते. हे वाचून मला आमचा गावचा शिंपी आठवला. दिवाळीआधी तो आम्हा चारही भावांचं माप घ्यायचा, पेन्सिल कानावरून काढून वहीत आकडे टिपायचा. सदरे मात्र यायचे ते एकाच ठाणातले, एकाच बेतानं, वाढत्या अंगाचे.

पण भाच्याशी माझं पटलं नाही, ते दुसऱ्या भागाच्या शेवटावरून. तत्पूर्वी एका सकाळी खाण्याचे चार जिन्नस तुमच्या हाती देतात, आणि भुकेली तोंडं दुपटीहून जास्त. ते वाटताना माझा तळहात घामेजला होता. नंतर रानात एक मोटार दिसते. मालक बेपत्ता, गाडी खाण्यापिण्यानं भरलेली. घ्यायचं की नाही? तुम्ही नको म्हटलंत तरी बाकीचे घेतातच. भाचा म्हणाला, "बघा, फरक शून्य." मी म्हटलं, "अरे, गाडी रिकामी होणार ते झालंच. पण ती पोर बघत उभी आहे, आणि हात कुणाचे होते ते तिनं पाहिलं."

१९७२ च्या दुष्काळात आम्ही माणदेशात होतो. खडी फोडायच्या कामावर मुलांना सुकडी मिळे. एकदा शेजारचा पोरगा तापानं आला नव्हता, त्याची सुकडी घरी पोचवतो म्हणून मी घेतली आणि वाटेतच खाल्ली. बाबा मागून येत होते. बोलले काहीच नाहीत. घरी आल्यावर स्वतःच्या अर्ध्या भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक त्या पोराकडे माझ्याच हातानं पाठवला. हे मी भाच्याला सांगितलं नाही. केनीकडे बघत बसलो.

या खेळात गफलती पुष्कळ आहेत. कार्ली ही बातमीदार बाई, पण तिला रेडिओत सेल घालता येत नाहीत! आणि मधूनमधून किल्ल्या-खटके शोधत जी वणवण करायला लावतात ती मला आमच्या रेकॉर्ड रूमची आठवण देऊन गेली. प्रत्येक भागानंतर किती टक्के लोकांनी तुमच्यासारखंच केलं ते दाखवतात. बहुमतात आहोत असं दिसलं की मला बरं वाटे, हे कबूल करतो. (पुढे २०१८ मध्ये कंपनीच गडगडली आणि क्लेमेंटाइनची शेवटची गोष्ट अर्ध्यावर राहिली. ती कर्कमन यांच्याच स्कायबाउंडनं २०१९ साली पुरी केली. पोरक्या पोरीला घरच्यांनीच नेलं म्हणायचं.)

शेवटी तो मोटारीचा मालक भेटतो. क्लेमेंटाइनला त्यानंच पळवलेलं असतं. एका हॉटेलच्या खोलीत बसवून तो तुमचा एकेक गुन्हा काढतो. 'मी घेतलं नव्हतं,' हे उत्तर माझ्याकडे होतं. दिलंही. त्याचा राग काही कमी झाला नाही.

मग लीला झालेला चावा त्याला संपवत आणतो आणि पोरीला सांगायचं असतं: मला गोळी घाल, की तशीच निघून जा. भाच्यानं कंट्रोलर माझ्याकडे सरकवला. "तुम्हीच करा, मामा. मी दोनदा केलंय." पट्टी आखडू लागली. मी 'निघून जा' वर बोट ठेवलं.

मेथी निवडता निवडता सौभाग्यवती केव्हा येऊन मागे उभी राहिली होती कोण जाणे. तिनं पडदा नीट पाहिला आणि म्हणाली, "अहो, एवढीशी पोर ती. एकटी पाठवताय, तिच्याबरोबर खायला काही दिलंत का?"