रेघ पुसता येते तेव्हा

गेल्या हिवाळ्यात लेकाने मला 'मिनी मेट्रो' खेळायला बसवले. न्यूझीलंडमध्ये तयार झालेला, २०१५ सालचा हा संगणकावरचा खेळ. पडद्यावर गोल, त्रिकोणी, चौकोनी स्थानके उगवतात. आपण रेघा ओढून ती जोडायची. एखाद्या स्थानकावर गर्दी तुंबली की खेळ संपला!

नकाशाची धाटणी हॅरी बेकच्या १९३३ सालच्या लंडन नकाशाची. रोज ट्यूबने जाणाऱ्या मला ती लगेच भावली. गर्दी वाढताना होणारी धाकधूकही अगदी खरी.

खटकले ते एवढेच, की चुकलेली रेघ क्षणात पुसता येते. कुणाचे घर हलत नाही, कुणाचे वय वाढत नाही. मुंबईत वर्सोवा-घाटकोपर या ११.४ किलोमीटरच्या मेट्रोचे भूमिपूजन २००६ साली झाले, गाडी धावली २०१४ मध्ये. तेव्हा घाटकोपरहून अंधेरीला बसने नोकरीला जाणारे माझे बाबा मधल्या काळात निवृत्त झाले.

म्हणून सांगते, मुलांना हा खेळ जरूर द्या. हात बसला की 'एक्स्ट्रीम' प्रकार खेळू द्या. तिथे ओढलेली रेघ बदलता येत नाही. शहरही तसेच असते.