पाच आकड्यांची ओळ

३.३५, १.९३, १.२९, १.००, ०.६८.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या फोर्ड मस्टँगच्या ५.० लिटर व्ही-८ इंजिनामागे बोर्ग-वॉर्नरचा टी-५ हा पाच गिअरांचा मॅन्युअल गिअरबॉक्स बसायचा. १९८५ ते १९८९ च्या गाड्यांमधली त्याची ही ओळ. माहितीपुस्तकात ती कोपऱ्यात पडलेली असते आणि बहुतेक जण ओलांडून पुढे जातात. सावकाश वाचली तर तिला चाल आहे, यती आहे, आणि एक यतिभंगही.

पहिल्या गिअरात इंजिनाचे ३.३५ फेरे होतात तेव्हा मागे जाणारा शाफ्ट एकदा फिरतो. वेग कमी होतो, तेवढ्याच पटीनं ओढ वाढते. चौथ्यात इंजिनाचा एक फेरा तर शाफ्टचाही एकच. पाचव्यात आकडा एकाखाली उतरतो. शाफ्टचा फेरा पुरा होईतो इंजिन पाऊण फेराही फिरलेलं नसतं. हाच ओव्हरड्राइव्ह. चौथ्यात मिनिटाला ३००० फेऱ्यांवर घोंगावणारं इंजिन गाडीच्या त्याच वेगाला पाचव्यात २०४० वर येतं.

आता प्रत्येक आकड्याला पुढच्यानं भागून पाहा : १.७४, १.५०, १.२९ आणि मग एकदम १.४७. पायऱ्या लहान लहान होत जातात. वेग वाढला की वारा अडवू लागतो, इंजिनाकडे शिल्लक जोर कमी उरतो, म्हणून वरच्या गिअरांत फेरे फार पडू देऊन चालत नाही. शेवटची ढांग मात्र मुद्दाम मोठी आहे. पाचवा गिअर ओढण्यासाठी नाहीच, तो निवांत जाण्यासाठी. खटकते ती पहिली पायरी. ५००० फेऱ्यांवर गिअर बदलला की दुसऱ्यात इंजिन २८८० वर कोसळतं. घाटात असा गिअर पडला की गाडीचा जीव कसा जातो, हे वेगळं सांगायला नको.

तरी ही ओळ सुखाची वाटावी अशी एक जुनी ओळ आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर क्रायस्लरनं आपला चार गिअरांचा ए-८३३ नव्यानं बांधला : ३.०९, १.६७, १.००, ०.७३. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना १.८५ ची दरी. मधलं कडवं कुणी खोडून टाकावं तसं वाटतं, आणि झालंही तसंच होतं. पेटीत नवी जागा न करता त्यांनी जुन्या तिसऱ्या गिअरच्या जागी ओव्हरड्राइव्हची जोडी बसवली. मग चालवणाऱ्याचा हात फसू नये म्हणून पेटीच्या बाजूचा एक दांडा उलटा लावला. आत क्रम उलटा, बाहेर मुठीवर सगळं सरळ. ओळ म्हणून ती मला आवडत नाही. त्या उलट्या दांड्यासाठी मात्र शंभर गुन्हे माफ.

ताकदीचा आकडा गुणोत्तरांच्या खाली वेगळा छापतात : १९८५-८९ च्या टी-५ ला २६५ पाउंड-फूट टॉर्क. १९८७ पासून त्याच गाडीचं इंजिन ३०० देत होतं, ही गंमत कंपनीच्याच कागदावर होती! १९९० मध्ये सुधारित धातूचे दाते आले आणि पेटीही ३०० झाली. पण धातू हे अर्धंच उत्तर. टी-५ मधल्या दोन समांतर शाफ्टांमधलं अंतर ७७ मिलिमीटर, ते हलत नाही. पहिला गिअर ३.३५ हवा असेल तर खालच्या काउंटरशाफ्टवरचं चाक बारीक करावं लागतं. चाक बारीक, की दात्यावर भार जास्त. भार वाढला की दोन्ही शाफ्ट एकमेकांना ढकलू पाहतात, ॲल्युमिनियमची पेटी किंचित फाकते, दाते पुरते भिडत नाहीत, आणि मग एके दिवशी दाता तुटतो. टी-५ मध्ये बळी बहुधा तिसऱ्या गिअरचा जातो. चौथ्यात काउंटरशाफ्टवर भारच नसतो, म्हणून जोर काढायचा तर चौथ्यात. पाचव्याची जोडी मुख्य पेटीच्या भिंतीमागे, शेपटीत लटकते. तिथं पाय दाबून ओढायला लावू नये.

म्हणून फोर्डच्या स्पर्धा-विभागानं सुटा विकलेला टी-५झेड वाचताना मला खरा आनंद होतो : २.९५, १.९४, १.३४, १.००, ०.६३. पेटी तेवढीच, क्षमता ३३०. जरा गुणाकार करा. ३.३५ गुणिले ३०० म्हणजे १००५, २.९५ गुणिले ३३० म्हणजे ९७३. पेटीतून बाहेर पडणारी ओढ जवळजवळ तीच! क्षमतेचा आकडा वेगळा छापला तरी तो पहिल्या गिअरच्या आकड्यात आधीच अर्धा लिहिलेला असतो.

मग २.९५ मध्ये गाडी उठायला जड जाईल का? इथं मागच्या एक्सलचा रेशो मदतीला येतो. त्या मस्टँगला २.७३ चा एक्सल नेहमीचा, ३.०८ चा मागून घेता येई. ३.३५ गुणिले २.७३ म्हणजे ९.१५. २.९५ गुणिले ३.०८ म्हणजे ९.०९. उठाव तोच. पाचव्यातही १.८६ आणि १.९४, हमरस्त्यावर फरक कळणार नाही. मधले तिन्ही गिअर मात्र जास्त जोमदार, आणि ५००० वर बदलला तर दुसऱ्यात इंजिन ३२९० च्या घरात उभं. ओढ वाढवण्याचं थोडं काम नाजूक पेटीकडून काढून मागच्या दणकट दात्यांकडे दिलं, एवढंच.

मला कुणी दोन्ही पेट्या फुकट दिल्या, तर मी २.९५ ची उचलीन आणि मागे ३.०८ चा एक्सल लावीन.