तक्रार-अर्जाची भाषा : रत्नागिरीच्या निमित्ताने

तुंबलेले गटार, बंद पडलेला रस्त्यावरचा दिवा, शेजारच्या आवारातून वाटेवर येणारे सांडपाणी, मोकाट गुरे अशा गोष्टींविषयी नागरिक नगरपरिषदेस जो अर्ज करतात, त्याची गणना वाङ्मयात कोणी करीत नाही. तथापि भाषेच्या अभ्यासकाने त्याची उपेक्षा करणे योग्य नव्हे. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा गावी गटार मृगापूर्वी उपसले गेले की नाही, यावर एखाद्या आळीचे आरोग्य अवलंबून असते. आणि ते उपसले जाण्याची पहिली पायरी म्हणजे हा अर्ज. १८७६ साली स्थापन झालेल्या या नगरपरिषदेपुढे असे अर्ज पिढ्यान्पिढ्या येत आले आहेत. ज्या भाषेत ते लिहिले जातात ती भाषा आपले कार्य कितपत साधते, हा येथे विचाराचा विषय आहे.

प्रथम शब्द पाहावेत. 'अर्ज' आणि 'तक्रार' हे दोन्ही शब्द मुळात अरबी असून फारसीच्या द्वारे मराठीत आले. 'अर्ज' म्हणजे वरिष्ठापुढे केलेले निवेदन. 'तक्रार' या शब्दाचा मूळ अर्थ मात्र पुनरुक्ती, पुन्हापुन्हा म्हणणे, असा आहे. एकच अर्ज तीन पावसाळे करणाऱ्या नागरिकास ही व्युत्पत्ती सांगण्याची गरज भासणार नाही. याच कागदाच्या माथ्यावर 'दिनांक' आणि 'क्रमांक' हे शब्द असतात. त्यांचे जनकत्व सावरकरांकडे दिले जाते, आणि १९२४ ते १९३७ या काळात सावरकर रत्नागिरीतच स्थानबद्ध होते. परकीय शब्द घालवू पाहणाऱ्या चळवळीचे शब्द आणि तिला नकोसे असलेले शब्द एकाच अर्जात निर्वेधपणे नांदतात. सारांश, या लेखनप्रकाराचे दुखणे शब्दांच्या कुळात नाही. ते वाक्यरचनेत आहे.

अर्जाचा सांगाडा सर्वपरिचित आहे. 'वरील विषयास अनुसरून आपणांस विनंती करण्यात येते की' असा प्रारंभ, 'तरी सदर गटाराची सफाई करण्यात यावी' अशी मागणी, आणि शेवटी 'आपला नम्र'. जुन्या पत्रांतील 'विज्ञापना' आणि इंग्रजी अमदानीतील कचेरीचा मसुदा, या दोहोंचा हा वारसा होय. यातील 'करण्यात यावी' या प्रयोगात कर्ता नाही. सफाई कोणी करावयाची, केव्हापर्यंत करावयाची, हे वाक्य सांगत नाही. कार्यालयाचे उत्तरही त्याच साच्यात येते : 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' कर्त्यावाचूनच्या मागणीला कर्त्यावाचूनचे आश्वासन मिळते, आणि व्याकरणदृष्ट्या कोणीच कशाला बांधला जात नाही. शिवाय 'कारवाई' आणि 'कार्यवाही' यांतील भेद येथे मोलाचा आहे. नागरिकास बहुधा पहिली हवी असते. उत्तरात दुसरी येते, आणि कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे गेला तरी ती पूर्ण होऊ शकते.

यावर असा आक्षेप येईल की, कर्ता गाळणे हा सभ्यपणा आहे. तो अंशतः खरा आहे. उपद्रव शेजाऱ्याकडून होत असेल, तर 'अमक्याने सांडपाणी सोडले' असे लिहिण्याऐवजी 'सांडपाणी रस्त्यावर सोडले जाते' असे लिहिणे शहाणपणाचे ठरते. एकाच विहिरीवर, एकाच देवळात ज्यांना रोज भेटावयाचे आहे, त्यांचा संबंध या प्रयोगाने वाचतो. परंतु हीच रीत नगरपरिषदेस उद्देशून वापरली की तिचा अर्थ पालटतो. शेजाऱ्याचे नाव झाकणे हे सौजन्य होय. कर्तव्य ज्याचे आहे त्याचे नाव झाकणे ही हानी होय.

कारण कायद्याची भाषा याहून स्पष्ट आहे. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ याच्या ४९व्या कलमात रस्ते व गटारे यांची सफाई, दिवाबत्ती इत्यादी कामे नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्ये म्हणून गणली आहेत. मध्यप्रदेशातील रतलाम येथील रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध दाद मागितली, तेव्हा १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने, पैसा नाही ही सबब नगरपालिकेस या कर्तव्यातून मुक्त करीत नाही, असा निर्णय दिला. म्हणजे कायद्याने ज्याला हक्कदार मानले, तोच नागरिक अर्जात याचक म्हणून उभा राहतो. 'नगरपरिषदेने हे गटार पावसाळ्यापूर्वी साफ करावे. ते तिचे कर्तव्य आहे' या वाक्यात उद्धटपणा नाही. त्यात केवळ कर्ता आणि काळ आहेत.

दुसरी हानी स्थलवाचक शब्दांची. रत्नागिरीच्या उतारावरील वस्तीत पऱ्या, पाखाडी, गडगा, पाणंद या शब्दांनी जागा नेमकी कळते. अर्ज लिहिताना मात्र पऱ्याचा 'नाला' होतो, पाखाडीची 'पायवाट' होते, गडग्याची 'भिंत' होते. पायऱ्यांचे चिरे निखळलेली पाखाडी आणि चिखल झालेली पायवाट यांची दुरुस्ती एक नव्हे. राजिवडा किंवा मिरकरवाड्यात ज्यांची घरची बोली प्रमाण मराठीहून दूर आहे, त्यांना तर अर्जासाठी दुसऱ्याची लेखणी शोधावी लागते. आणि त्या लेखणीतून प्रथम गळतो तो हा नेमकेपणा.

राज्य शासनाने २०१५ साली तक्रारींसाठी 'आपले सरकार' हे संकेतस्थळ सुरू केले. रकाने भरले की विनंतीची लांबण टळते, हा लाभ खरा. परंतु पऱ्याला तेथेही स्वतंत्र रकाना नाही. मात्र त्याचे नाव विचारार्ह आहे. मराठीत 'आपण' याचे दोन अर्थ होतात : बोलणारा व ऐकणारा मिळून सारे, आणि आदरार्थी 'तुम्ही'. अर्जात 'आम्ही रहिवासी' एका बाजूस असतात आणि 'आपण' म्हणजे दुसऱ्या बाजूचे साहेब. सर्वांना कवेत घेणारा 'आपण' त्या कागदावर कोठेच येत नाही. गटार आळीचे असले तरी शहर दोघांचेही आहे. हा पहिला अर्थ अर्जाच्या भाषेत जोवर येत नाही, तोवर 'तक्रार' हा शब्द आपल्या मूळ अर्थालाच जागत राहील.